जत तालुक्यातील एका लांबलेल्या तापाचे प्रकरण

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, जत तालुक्यातील एका वस्तीवर राहणारे ४४ वर्षांचे शेतकरी मार्चच्या पहिल्या आठवड्यात मिरजेतील एका रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा त्यांच्या तापाला आठवा आठवडा लागला होता. त्यांच्याबरोबरच्या पिशवीत चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे अहवाल, कमरेच्या एमआरआयच्या फिल्म आणि क्षयरोगाच्या औषधांची अद्याप न फोडलेली पाकिटे होती. मी त्या रुग्णालयाशी जोडलेल्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्राचे काम पाहते, त्यामुळे हे रुग्ण मला आधी भेटले ते रक्ताच्या नळीच्या आणि तिच्यासोबत आलेल्या मागणीपत्राच्या रूपाने. त्या मागणीपत्रावर ‘कारण न सापडलेला ताप’ एवढेच शब्द होते. व्यवसाय, गाव, जनावरांशी येणारा संबंध यांसाठी आमच्या छापील नमुन्यात रकानाच नव्हता. या प्रकरणात जे चुकले आणि जे वेळेवर सावरले, त्यातला बराचसा भाग त्या नसलेल्या रकान्याशी निगडित आहे. हा ताप अखेर ब्रुसेलोसिसचा, म्हणजे ब्रुसेला या जंतूमुळे जनावरांकडून माणसाला होणाऱ्या आजाराचा निघाला. रुग्णाची ओळख पटू शकेल असे तपशील येथे बदलले आहेत.

ताप जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाला होता. सकाळी माणूस बरा असे, शेतावरही जाऊन येई; दुपार कलली की कणकण येऊन ताप चढे आणि पहाटे अंथरूण भिजेल इतका घाम येऊन तो उतरे. पाचव्या दिवशी जवळच्या दवाखान्यात विडाल चाचणी झाली, तिच्यात ‘ओ’ टायटर (रक्तद्रव किती पट पातळ करेपर्यंत चाचणी पॉझिटिव्ह राहते तो आकडा) १:१६० आले आणि टायफॉईडचे निदान झाले. आधी गोळ्या व नंतर तालुक्याच्या ठिकाणी सात दिवस सेफ्ट्रिॲक्सोनची इंजेक्शने दिली गेली. ताप उतरला आणि बारा दिवसांनी पुन्हा आला. त्यानंतर मलेरिया, डेंग्यू आणि चिकुनगुन्याच्या तपासण्या झाल्या, त्या सर्व नकारात्मक आल्या.

विडालविषयी येथे थोडे थांबून लिहिणे आवश्यक वाटते. टायफॉईड जिथे वर्षानुवर्षे वावरतो अशा आपल्या भागात निरोगी माणसाच्या रक्तातही टायफॉईडच्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे काही प्रमाणात असतात, त्यामुळे एकदाच केलेल्या विडालच्या एका आकड्यावरून निदान करता येत नाही. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर घेणे, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहणे, हा खरा मार्ग आहे, आणि तो या रुग्णाच्या बाबतीत पहिल्या सात आठवड्यांत एकदाही घेतला गेला नाही. औषधाने ताप उतरला म्हणजे निदान बरोबर होते, हा समजही ब्रुसेलोसिसमध्ये फसवा ठरतो. ब्रुसेला हा जंतू आपल्याच शरीरातील भक्षक पेशींच्या आत राहतो, त्यामुळे अनेक प्रतिजैविके त्याच्यापर्यंत पुरेशी पोचत नाहीत. शिवाय या तापाचा स्वभावच लाटांसारखा चढण्या-ओसरण्याचा असल्याने, ओसरत्या काळात दिलेले कोणतेही औषध लागू पडल्यासारखे दिसते. विडालचा कागद हातात पडला की पुढचे प्रश्न विचारायचे थांबतात, हे मी अनेक वर्षे पाहत आले आहे आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण तो कागद आणणाऱ्या माणसाने त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवलेली असते.

फेब्रुवारीच्या मध्यावर कंबर धरली. सुरुवातीला ते दुखणे पाण्याच्या मोटारीचे पाइप उचलल्याने आले असावे असे घरच्यांना वाटले, पण पंधरा दिवसांत रुग्णाला अंथरुणावर कूस बदलणे कठीण झाले. एमआरआयमध्ये चौथा व पाचवा कटिमणका आणि त्यांच्यामधील चकती यांत सूज व जंतुसंसर्गाच्या खुणा दिसल्या, आणि मणक्याचा क्षय गृहीत धरून औषधे लिहून दिली गेली. हा विचार अवाजवी होता असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे लांबलेला ताप, वजनात घट आणि मणक्याचा आजार ही तीन लक्षणे एकत्र आली की क्षयाचा विचार आधी व्हायलाच हवा. तरीही फिल्म नीट पाहता काही गोष्टी त्यात बसत नव्हत्या. क्षय बहुधा छातीमागच्या मणक्यांत किंवा ते कमरेला जोडतात त्या भागात घर करतो, मणक्याचा आकार ढासळवतो आणि आजूबाजूला पुवाची मोठी पोकळी तयार करतो. येथे आजार कमरेच्या खालच्या मणक्यांत होता, मणक्यांची उंची जवळपास टिकून होती, झीज मुख्यतः मणक्याच्या पुढच्या-वरच्या कोपऱ्यात होती आणि पू नगण्य होता. असे चित्र ब्रुसेलाच्या मणकादाहात दिसते. एकट्या फिल्मवरून खात्री देता येत नाही, परंतु शंका घेण्याइतके ते पुरेसे होते.

औषधांची पाकिटे फोडली गेली नव्हती, याचे कारण ‘एकदा मिरजेला दाखवून घेऊ’ असे रुग्णाच्या थोरल्या भावाने धरलेले म्हणणे. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या असे म्हणत आली आहेत. १८९४ साली विल्यम वॉन्लेस यांनी येथे मिशनचे रुग्णालय सुरू केल्यापासून मिरज हा आजाऱ्यांचा शेवटचा आधार मानला जातो. या वेळी त्या सवयीचा फार मोठा उपयोग झाला. क्षयाच्या नेहमीच्या चार औषधांपैकी रिफॅम्पिसिन हे ब्रुसेलावरही चालते, पण एकट्याने ते हा आजार मुळातून काढू शकत नाही. ते सुरू झाले असते तर ताप काही आठवडे दबला असता, कल्चरमध्ये जंतू वाढण्याची शक्यता घटली असती, क्षयाचे निदान पक्के झाल्यासारखे वाटले असते आणि औषधे संपल्यावर आजार पुन्हा डोके वर काढू शकला असता.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. दाखल झाल्यावर निवासी डॉक्टरांनी रुग्णाला ‘घरी जनावरे आहेत का?’ असे विचारले होते आणि उत्तर ‘आहेत’ असे आले होते. केसपेपरवर तशी नोंदही होती. पण जतसारख्या कमी पावसाच्या, कोरडवाहू तालुक्यात दोन म्हशी, चार शेळ्या किंवा माडग्याळ जातीच्या मेंढ्या दारात नाहीत असे घर शोधावे लागेल. ज्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ प्रत्येक रुग्ण ‘होय’ असेच देतो, त्या प्रश्नातून निदानाला काहीही हाती लागत नाही. दुसऱ्या दिवशीच्या राऊंडला ज्येष्ठ फिजिशियनांनी रुग्णाच्या पत्नीला वेगळा प्रश्न केला: गेल्या सहा महिन्यांत गोठ्यातले कोणते जनावर गाभडले (मुदतीआधी गर्भ पडला) का, वार (गर्भाचे वेष्टन, जार) अडकली का, आणि ती कोणी काढली?

त्या बाईंनी मग एका दमात सगळे सांगितले. डिसेंबरच्या सुरुवातीला आठव्या महिन्यातली म्हैस गाभडली होती. रात्रीची वेळ, जनावरांचे डॉक्टर येण्याजोगे नव्हते आणि वार पडत नव्हती, म्हणून नवऱ्याने उघड्या हाताने ती ओढून काढली. त्याच दिवशी कडबा तोडताना त्यांचे बोट कापलेले होते. मेलेले पारडू व वार बांधाच्या पलीकडे टाकली, ती सकाळपर्यंत कुत्र्यांनी ओढून नेली. ही गोष्ट आधीच्या चार डॉक्टरांना का सांगितली नाही, असे त्यांना कोणी विचारले नाही ते बरेच झाले, कारण त्यांच्या लेखी म्हैस गाभडणे हे घराचे नुकसान होते, नवऱ्याच्या तापाशी त्याचा संबंध असेल हे त्यांना कळावे तरी कसे? गाभणकाळाच्या शेवटच्या टप्प्यात गाभडणे आणि त्यानंतर वार अडकणे ही गाई-म्हशींतील ब्रुसेलोसिसची ठळक लक्षणे आहेत; पशुवैद्यक त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. वार, गर्भजल आणि मेलेले पारडू यांत जंतूंची संख्या प्रचंड असते आणि कातडीवरची एक चीर त्यांना पुरेशी ठरते. संसर्गानंतर लक्षणे दिसायला एक ते चार आठवडे, कधी काही महिनेही लागतात. त्यामुळे डिसेंबरमधील रात्र आणि जानेवारीतील ताप यांची सांगड सरळ बसत होती.

जतची पूर्व सीमा ज्या विजापूर जिल्ह्याला लागते, तेथील वैद्यकांनी १६ वर्षांतील ४९५ प्रौढ रुग्णांची नोंद २००६ साली प्रसिद्ध केली होती. जंतूला जिल्ह्याची आणि राज्याची हद्द ठाऊक नसते. तिकडे हा आजार एवढा सापडतो आणि आपल्याकडे क्वचित, याचा अर्थ तिकडे तो शोधला गेला असा मी घेते.

याच टप्प्यावर आमच्या प्रयोगशाळेकडून चूक झाली, ती मोकळेपणाने सांगायला हवी. फिजिशियनांच्या सूचनेवरून आम्ही नळीत गुठळी धरण्याची ॲग्लुटिनेशन चाचणी लावली. अँटिजेन (चाचणीत वापरायचे मृत जंतूंचे द्रावण) वाचवण्यासाठी आम्ही रक्तद्रव १:२० पासून १:८० पर्यंतच पातळ करून पाहत असू आणि तिथपर्यंत काही दिसले तरच पुढे जात असू. या रुग्णाच्या तिन्ही नळ्या स्वच्छ राहिल्या आणि अहवाल ‘नकारात्मक’ असा तयार झाला. तो सहीसाठी माझ्यासमोर आला तेव्हा बाजूलाच त्याच रक्ताच्या रोझ बंगाल चाचणीची नोंद होती. या चाचणीत काचपट्टीवर थेंबभर रक्तद्रव आणि गुलाबी रंगाचे अँटिजेन मिसळून चार मिनिटांत वाचन करतात, आणि तिथे ठळक दाणे दिसले होते. दोन्ही निष्कर्ष एकमेकांशी जुळत नव्हते. आम्ही नळ्यांची चाचणी १:२५६० पर्यंत पुन्हा लावली. पहिल्या तीन नळ्या पूर्वीसारख्याच स्वच्छ राहिल्या, पण १:१६० पासून १:१२८० पर्यंत गुठळी स्पष्ट दिसली.

याला प्रोझोन म्हणतात. रक्तात प्रतिपिंडे अतिशय जास्त असली की प्रत्येक जंतूभोवती त्यांचा स्वतंत्र थर बसतो आणि एका जंतूला दुसऱ्याशी जोडणारा दुवा तयार होत नाही; रक्तद्रव पुरेसा पातळ केल्यावरच जाळी विणली जाते आणि गुठळी दिसते. म्हणजे ज्याला आजार सर्वांत जोरात आहे त्याचाच अहवाल नकारात्मक येण्याचा धोका असतो. अँटिजेनच्या दोन-चार थेंबांची बचत आम्हाला या रुग्णाच्या निदानाला मुकवणार होती. त्या दिवसापासून आमच्याकडे ही चाचणी किमान १:१२८० पर्यंत लावल्याशिवाय अहवाल जात नाही.

नुसत्या उच्च टायटरवरही आम्ही थांबलो नाही. यर्सिनिया एंटरोकोलिटिका ओ:९ सारख्या काही जंतूंमुळे ब्रुसेलाच्या चाचणीत खोटी गुठळी येऊ शकते, आणि गोठ्यात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या रक्तात जुन्या संपर्काची प्रतिपिंडेही असतात. रक्तद्रवावर २-मर्कॅप्टोइथॅनॉलची प्रक्रिया केली की आयजीएम प्रकारची (संसर्गात आधी येणारी) प्रतिपिंडे निकामी होतात आणि आयजीजी (नंतर येणारी) उरतात. तशी प्रक्रिया करूनही टायटर १:६४० राहिले. चालू, मुरलेल्या संसर्गाकडे ते बोट दाखवत होते. रक्ताच्या इतर तपासण्यांत पांढऱ्या पेशी साधारण होत्या, त्यांत लिम्फोसाइटचे प्रमाण वाढलेले होते, हिमोग्लोबिन थोडे कमी आणि यकृताची एन्झाइम किंचित वाढलेली होती. पुवाच्या इतर संसर्गात पांढऱ्या पेशी वाढतात तशा त्या येथे वाढलेल्या नव्हत्या, ही बाब एरवी दुर्लक्षित राहते.

कल्चरच्या दोन बाटल्या स्वयंचलित यंत्रात पहिल्याच दिवशी ठेवल्या होत्या. त्या पाचव्या दिवशी पॉझिटिव्ह झाल्या. पूर्वी साध्या बाटल्यांत या जंतूसाठी तीन-चार आठवडे वाट पाहावी लागे आणि सातव्या दिवशी बाटली टाकून देणाऱ्या प्रयोगशाळेला तो कधीच सापडत नसे. दुर्दैवाने बाटली पॉझिटिव्ह झाली त्या पहाटे पाळीवर असलेल्या तंत्रज्ञांपर्यंत ब्रुसेलाचा संशय पोचलेला नव्हता, कारण बाटलीवर आणि मागणीपत्रावर तसे काहीच लिहिलेले नव्हते. त्यांनी नेहमीप्रमाणे उघड्या टेबलावर स्मिअर केला, प्लेट लावली आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जंतूंच्या बारीक वसाहती दिसल्यावर जुन्या सवयीने झाकण उघडून वास घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली वाळूच्या कणांसारखे बारीक, ग्रॅम-निगेटिव्ह जंतू आणि काही मिनिटांत रंग बदलणारी युरिएज चाचणी पाहून मला बोलावले गेले. ब्रुसेला हा प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना होणाऱ्या संसर्गांत जगभर अग्रभागी असलेला जंतू आहे. हवेतून श्वासात गेलेले दहा ते शंभर जंतूही पुरतात. आम्ही ती प्लेट त्याच क्षणी सुरक्षा कक्षात (जंतू हवेत पसरू न देणाऱ्या बंदिस्त कपाटात) हलवली, पुढची ओळख-तपासणी अधिक सुरक्षित सोयी असलेल्या संदर्भ प्रयोगशाळेकडे सोपवली, आणि त्या तंत्रज्ञांना डॉक्सिसायक्लिन व रिफॅम्पिसिन तीन आठवडे दिले. त्यांच्या रक्ताची तपासणी लगेच आणि नंतर सहाव्या, बाराव्या, अठराव्या व चोविसाव्या आठवड्यात केली. त्यांना आजार झाला नाही. घरी लहान मूल असलेल्या माणसाला ते चोवीस आठवडे कसे गेले असतील, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर रोज पाहत होते.

उपचार सरळ होते. साध्या ब्रुसेलोसिसला डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि रिफॅम्पिसिन रोज ६०० ते ९०० मिलिग्रॅम असे सहा आठवडे देतात. मणक्याचा आजार असल्याने येथे कालावधी किमान तीन महिन्यांचा ठरवला आणि पहिले तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने जोडली. नवव्या दिवशी घाम थांबला. कंबर सुधारायला दोन महिने लागले. या आजारात पाच ते पंधरा टक्के रुग्णांना पुन्हा त्रास होतो, बहुधा पहिल्या वर्षातच, म्हणून वर्षभर बोलावत राहिलो. टायटर मात्र कित्येक महिने उतरत नाही आणि केवळ आकडा कमी झाला नाही म्हणून औषधे लांबवायची नसतात, हे रुग्णाच्या भावाला तीन वेळा समजावून सांगावे लागले.

घरातील सर्वांचे रक्त तपासले. रोज धारा काढणाऱ्या पत्नीची रोझ बंगाल पॉझिटिव्ह, नळीतील टायटर १:८० आणि मर्कॅप्टोइथॅनॉलनंतर नकारात्मक आले. त्यांना कसलाही त्रास नव्हता. त्यांना औषध दिले नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा पाहिले, टायटर वाढलेले नव्हते. सहा वर्षांच्या पुतण्याची गोष्ट वेगळी होती. मूल अशक्त आहे म्हणून आजी त्याला रोज सकाळी गोठ्यातच धारोष्ण दूध पाजत असे, आणि गेले महिनाभर त्याला अधूनमधून ताप येऊन गुडघा सुजत होता, ज्याला घरात ‘वाढीचे दुखणे’ म्हटले जाई. त्याचे टायटर १:३२० होते. आठ वर्षांखालील मुलांना डॉक्सिसायक्लिन टाळतात, म्हणून त्याला कोट्रायमोक्सॅझोल आणि रिफॅम्पिसिन सहा आठवडे दिले व तो बरा झाला. आपल्याकडे दूध उकळून घेण्याची रीत घरोघर आहे आणि चहा तर दूध उकळल्याशिवाय होतच नाही; या एका रीतीने शहरे वाचली आहेत. पण आजारी माणसाला आणि अशक्त मुलाला निरसे दूध पाजण्याची मायाही आपल्याकडेच आहे. त्या आजीला हे सांगताना कोणीही आवाज चढवू नये, असे मी निवासी डॉक्टरांना आधीच सांगितले होते.

म्हशीचे काय, हा प्रश्न डॉक्टरांच्या कक्षेबाहेरचा मानला जातो. मला तो तसा वाटत नाही. १८८७ साली डेव्हिड ब्रूस यांना माल्टा बेटावर हा जंतू मरण पावलेल्या सैनिकांच्या प्लीहेत सापडला, पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ साल उजाडले, कारण तो ज्या शेळ्यांच्या दुधातून येत होता त्या दिसायला धडधाकट होत्या. थेमिस्टोक्लीस झॅमिट यांनी त्या शेळ्यांचे रक्त तपासले आणि १९०६ साली सैनिकांचे शेळीचे कच्चे दूध बंद होताच त्यांच्यातील आजार ओसरला. आपल्या गोठ्यातही तेच घडते: बहुतेक जनावरे एकदाच गाभडतात, पुढच्या वेताला नीट वितात आणि दुधातून व व्यायल्यावरच्या स्रावातून जंतू सोडत राहतात. शेतकऱ्याला वाटते जनावर सुधारले.

आम्ही पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवले. त्यांनी तिन्ही म्हशी व शेळ्यांचे रक्त घेऊन पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे पाठवले. दोन म्हशी पॉझिटिव्ह निघाल्या. जनावरांत यावर परवडण्याजोगा उपचार नाही. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्यानुसार हा सूचनीय (सरकारला कळवणे बंधनकारक असलेला) आजार आहे, तरी बाधित म्हैस बाजारात नेऊन विकण्याचा मोह किती मोठा असतो हे ज्याने कर्ज काढून म्हैस घेतली त्यालाच ठाऊक. भरपाईची खात्री असल्याशिवाय शेतकरी आपणहून तपासणीला पुढे येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. या कुटुंबाने म्हशी विकल्या नाहीत. त्या वेगळ्या बांधल्या आणि दूध उकळूनच वापरले. २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या रेड्या व कालवडींना एस-१९ ही लस एकदाच टोचली जाते. तिसऱ्या म्हशीची रेडी पाच महिन्यांची होती, तिला ती मिळाली. ही लस जिवंत जंतूंची असते, त्यामुळे टोचताना सुई हाताला लागली तर ती टोचणाऱ्यालाच आजार देऊ शकते, ही गोष्ट वस्तीवर जनावर धरायला उभ्या राहणाऱ्यांनाही सांगितली गेली.

यानंतर आमचे मागणीपत्र बदलले. ब्रुसेलाची तपासणी सरसकट प्रत्येक तापाला करणे मला मान्य नाही. त्याने खोटे पॉझिटिव्ह वाढतील आणि गोठ्यात राबणाऱ्या निरोगी माणसांना सहा आठवड्यांची औषधे गिळावी लागतील. दहा दिवसांहून अधिक ताप, त्याच्या जोडीला कंबर, सांधे किंवा वृषणाची सूज, आणि गाभडलेले जनावर, वार, निरसे दूध, मेंढ्यांचा कळप किंवा खाटीकखाना यांपैकी कशाशी तरी आलेला संबंध, असा मेळ बसला तर मात्र पहिल्या प्रतिजैविकाआधी कल्चर आणि त्याच रक्तातून रोझ बंगाल व नळीची चाचणी व्हावी. मणक्याचा क्षय गृहीत धरून औषधे सुरू करण्यापूर्वी तर ती जतपासून आटपाडीपर्यंत कुठल्याही रुग्णाची व्हावी. नव्या नमुन्यात म्हणून ‘जनावरे आहेत का’ असे विचारलेले नाही; ‘सहा महिन्यांत गाभडलेले जनावर, आणि ते कोणी हाताळले’ असा रकाना आहे, आणि तो भरलेला असेल तर नळीवर लाल पट्टी लागते.

ऑगस्टमध्ये आटपाडीकडच्या एका मेंढपाळ बाईंचे रक्त आले. ताप अकरा दिवसांचा होता, विडाल झालेली नव्हती, आणि त्या रकान्यात कोणा तरुण डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात लिहिले होते: ‘जूनमध्ये तीन मेंढ्या गाभडल्या, वार स्वतः काढली.’ ती नळी आमच्या तंत्रज्ञांनी पहिल्यापासून सुरक्षा कक्षातच उघडली.